चाळीसगावचा टांगा आणि दारातली गाडी

वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. सकाळची वंदना आटोपून विहारातील मंडळी पांगत होती. आमच्या वॉर्डातील एक ताई मात्र हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन खांबापाशी थांबून राहिल्या होत्या. जवळ जाऊन जयभीम केला, तर म्हणाल्या, "दादा, तुम्ही हिशोबातले माणूस. एवढे कागद बघून द्या. पोरगं टॅक्सीची गाडी घेतो म्हणतंय. मोबाईलवर भाडी मिळतात म्हणे. यांच्या फंडाचे पैसे आलेत, ते भरायचे अन् बाकीचं लोन. त्यातून कमी पडलं तर माझं गंठण ठेवायचं."

ताईंचे मालक वाळूजच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षे राबून निवृत्त झालेले. मुलगा बी.ए. झालेला, तीन ठिकाणी कंत्राटी कामे करून घरी बसलेला. पिशवीत शोरूमचे कोटेशन होते, फायनान्स कंपनीचा फॉर्म होता आणि बापाच्या आयुष्यभराच्या कष्टाचे पासबुक होते. आम्ही ते कागद घरी आणले आणि रात्री वही उघडली. हा प्रश्न एका ताईचा नाही. भीमनगर असो, मुकुंदवाडी असो की मिलिंदनगर, आपल्या प्रत्येक वस्तीत आज एखादा मुलगा आईबापापुढे हाच हट्ट धरून बसला आहे. म्हणून त्या वहीतले चार आकडे आणि त्या निमित्ताने मनात आलेले विचार सर्व बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

गाड्या घडविणारे शहर

आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हे गाड्या घडविणारे शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तेथे मोटारसायकली आणि तीनचाकी रिक्षा तयार होतात. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीन भागातील वीस हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. या कारखान्यांच्या आधाराने शहर वाढले. १९९१ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास होती, ती २०११ मध्ये पावणेबारा लाखांच्या आसपास गेली. वीस वर्षांत दुप्पट!

परंतु ज्यांच्या हातांनी या गाड्या घडतात, तो कामगार ड्युटीला कसा जातो? रिक्षात मागे चौघे आणि ड्रायव्हरशेजारी एक, असा अर्धे अंग बाहेर काढून जातो. बाबा पेट्रोल पंपापाशी सकाळी उभे राहिले म्हणजे हे चित्र कोणालाही दिसेल. शहरात 'माझी स्मार्ट बस' २०१९ च्या सुरुवातीपासून धावू लागली, त्यासाठी शंभर बसगाड्या घेण्यात आल्या. चांगलेच झाले. पण एक लाख लोकसंख्येमागे चाळीस ते साठ बस असाव्यात असे साधारण मान धरले जाते. त्या हिशोबाने २०११ च्याच लोकसंख्येला पावणेपाचशे बस तरी हव्यात. जिथे बस नाही तिथे माणूस रिक्षा शोधतो, नाही तर हप्त्याने दुचाकी घेतो. आणि जरा बरे दिवस आले की चारचाकीचे स्वप्न पाहू लागतो.

हे केवळ आपल्याच शहरात घडते असे नाही. लागोस, जकार्ता, नैरोबी अशा झपाट्याने वाढणाऱ्या सर्वच शहरांत सार्वजनिक वाहने अपुरी पडली आणि ती जागा खाजगी वाहनांनी व मोबाईलवरून बोलाविलेल्या गाड्यांनी घेतली. आपल्या देशात २०१० साली ओला कंपनी निघाली, २०१३ साली अमेरिकेची उबेर आली, २०१५ साली दुचाकीवर सवारी नेणारी रॅपिडो निघाली. आता मोबाईलवर बोट टेकवले की दारात गाडी येते. रात्री दोन वाजता बाळंतीण बाईला घाटीत न्यायचे असेल तर ही सोय लाखमोलाची आहे. या सोयीला आम्ही नावे ठेवीत नाही. ती गाडी घेऊन दारात येणारा मुलगा आपला असतो, म्हणून त्याच्या पदरात काय पडते ते पाहिले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

टांग्याची आठवण

वाहनाचा आणि आपल्या समाजाचा संबंध केवळ प्रवासाचा नाही, तो मानाचा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील काही कडू आठवणी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान बैलगाडी न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले. मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा तोडगा निघाला. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळाले नाही.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, चाळीसगावला काय घडले? कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव लागते, म्हणजे आपल्या उंबऱ्यावरचीच ही गोष्ट. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य. स्टेशनवरून त्यांना वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या मंडळींना सहन होईना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडात अडकले, घोडा आणि टांगा खाली पाण्यात गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला.

ही कथा आपण व्याख्यानांत अनेकदा ऐकतो आणि टांगेवाल्याच्या जातीय अहंकाराची चीड येते. यावीच. परंतु बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. पाहुण्याचा मान राखण्यासाठी वस्तीने पाहुण्याचाच जीव धोक्यात घातला, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले आहे. त्यात राग नाही, त्या लोकांच्या प्रेमाची त्यांना पुरेपूर जाण होती. पण मान आणि सुरक्षितता यांतील फरक त्यांनी दाखवून दिला.

आज आपल्या दारात उभी राहणारी गाडी हा आम्हाला त्याच टांग्याचा पुढचा अवतार वाटतो. ज्यांच्या आजोबाला गाडीत बसू दिले नाही, त्याच्या नातवाला स्वतःची गाडी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आपल्या बांधवांच्या वरातीवर दगड पडल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात. अशा समाजात गाडीच्या काचेवर निळ्या अक्षरांत जयभीम लिहून जालना रोडवरून जाणारा मुलगा पाहिला की आमचीही छाती फुगते. पण त्या मुलाला लगाम धरता येतो काय? म्हणजे गाडी चालविता येते काय, असे आम्ही विचारीत नाही. गाडीचा हिशोब चालविता येतो काय, असे विचारतो.

सात टक्के आणि सोळा टक्के

गाडीच्या मानाची याच शहरातील दुसरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील श्रीमंत मंडळींनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी एकदम विकत घेतल्या. व्यवहार ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. त्यातील मोठी रक्कम स्टेट बँकेने सुमारे सात टक्के व्याजाने दिली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिले की याच जिल्ह्यातील एका गरीब शेतकरी बाईने ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज जवळपास सोळा टक्के होते. चैनीच्या गाडीला सात आणि पोटाच्या गाडीला सोळा!

या नऊ टक्क्यांचा अर्थ काय? सात लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले असे धरा. सात टक्क्यांनी हप्ता सुमारे १३,८६० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ३२ हजारांच्या आसपास जाते. सोळा टक्क्यांनी हप्ता १७,०२० रुपये बसतो आणि व्याज होते ३ लाख २१ हजार. गाडी तीच, रस्ता तोच, पण गरिबाने १ लाख ९० हजार रुपये जास्त मोजायचे. का? तर त्याच्याकडे तारण नाही, पगारपत्रक नाही आणि बँकेत ओळख नाही.

मर्सिडीजवाल्यांपासून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. ते धनवान असूनही एकेकटे शोरूमला गेले नाहीत. संघटित झाले, म्हणून किमतीतही सवलत मिळाली आणि व्याजातही. संघटित व्हा हा संदेश ज्यांना मिळाला ते आपण मात्र कर्ज काढायला एकेकटे जातो, तेही कोणाला न सांगता, चोरून.

वहीतला हिशोब

आता ताईंच्या मुलाचा हिशोब. खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून पाहावेत.

गाडीला कर्ज सात लाख, व्याज अकरा टक्के, मुदत पाच वर्षे. हप्ता सुमारे १५,२२० रुपये. दिवसाला प्रवाशांकडून २,२०० रुपये भाडे जमा झाले असे समजू. कंपनीची दलाली वीस टक्के धरली तर ४४० गेले, उरले १,७६०. दिवसाला दीडशे किलोमीटर गाडी फिरली आणि किलोमीटरला चार रुपये इंधन लागले तर ६०० गेले, उरले १,१६०. या दीडशे किलोमीटरमध्ये रिकामे फिरणेही आले. सवारी घ्यायला जायचे, भाडे सोडून परत यायचे, या अंतराचे पैसे कोणी देत नाही, इंधन मात्र लागते. महिन्याला पंचवीस दिवस गाडी चालली तर हाती आले २९,०००.

आमचा होतकरू मुलगा येथे थांबतो आणि म्हणतो, "काका, एकोणतीस हजार!" थांब बाळा. त्यातून हप्ता १५,२२० वजा कर. उरले १३,७८०. पिवळ्या पाटीच्या गाडीचा इन्शुरन्स पांढऱ्या पाटीपेक्षा महाग असतो, त्यासाठी महिन्याला ३,३०० बाजूला काढ. टायर, सर्व्हिसिंग, पासिंग, परमिट, मोबाईलचा खर्च मिळून २,५०० धर. उरले ७,९८०. रोज बारा तास गाडीत बसलास तर महिन्याचे झाले तीनशे तास. म्हणजे तासाला साडेसव्वीस रुपये!

आणि रोजचे भाडे केवळ तीनशे रुपयांनी कमी झाले तर? तर महिन्याच्या शेवटी हातात १,९८० रुपये उरतात. धंदा बुडायला दुष्काळ पडावा लागत नाही, रोजची दोन भाडी कमी झाली तरी पुरे. आणि भाडी वाटली जाणारच. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांत इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीला मंजुरी दिली. त्यावर बसणारा मुलगाही आपलाच, त्याच्यामुळे ज्याचे भाडे जाईल तो रिक्षावालाही आपलाच.

काही जण म्हणतील, पाच वर्षांनी गाडी तर आपली होते ना? होते. पण टॅक्सीत पाच वर्षे पळालेल्या गाडीला किंमत किती येते, ते जुन्या गाड्यांच्या बाजारात जाऊन विचारावे. वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी घसारा नावाचा धडा असतो. श्रीमंताच्या गाडीला जो घसारा लागतो तोच गरिबाच्या गाडीला लागतो, फक्त गरीब तो वहीत लिहीत नाही.

केवळ घरच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्यांनीही वही उघडावी. पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के, पाच वर्षे, म्हणजे हप्ता सुमारे १०,६२५. इन्शुरन्स आणि देखभालीचे दोन हजार धरले तर पेट्रोलचा थेंब टाकण्यापूर्वीच महिन्याला साडेबारा हजार झाले. अडीच हजार रोजाने गाडी भाड्याने आणली तरी महिन्यातून पाच दिवस फिरता येईल. एवढे आपण फिरतो काय? देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरांतील सुमारे आठच कुटुंबांकडे मोटारगाडी होती. उरलेल्या ब्याण्णवांत असणे यात कमीपणा कसला?

आमची स्वतःची चूक

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. २०१९ साली आमच्या एका जिवाभावाच्या मित्राने टॅक्सीसाठी गाडी घेतली. चळवळीतला माणूस, १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर आमच्याबरोबर रात्र-रात्र पाणी वाटणारा. त्याने जामीनदार व्हा म्हटले आणि आम्ही कागद न वाचता सही केली. मित्राला नाही म्हणायचे तरी कसे? नव्या गाडीला हार घातला, बुद्धवंदना घेतली, पेढे वाटले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी जागेवर उभी राहिली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, पण व्याजाला टाळेबंदी नव्हती, ते चढतच राहिले. पुढे फायनान्सवाल्यांची माणसे आली आणि भर गल्लीत, सगळे बघत असताना, गाडी ओढून नेली. गाडी विकून जे आले ते कर्जाला पुरले नाही. बाकीच्या रकमेसाठी नोटीस आली ती आमच्या नावाने. चौदा महिने आमच्या पगारातून रक्कम कापली गेली. लेकीला क्लास लावायचा होता, तो त्या वर्षी लावता आला नाही. पैसा गेला त्याचे दुःख ओसरले. पण तो मित्र तेव्हापासून आम्हाला तोंड चुकवितो, विहारातही येत नाही. एका सहीने पैसा गेला आणि माणूसही गेला.

हार घालताना आम्ही जेवढा वेळ दिला, त्याच्या अर्धा वेळ जरी कागद वाचायला दिला असता!

कायदा काय सांगतो

मोबाईलवर भाडी मारणाऱ्या मुलांना कंपन्या कामगार म्हणत नाहीत, भागीदार म्हणतात. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. येथे तोटा ड्रायव्हरचा, गाडी ड्रायव्हरची, अपघात ड्रायव्हरचा, आणि भाड्याचा दर मात्र कंपनी ठरविणार. फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हे सोंग ओळखले आणि उबेरचे चालक हे किमान वेतन व भरपगारी रजेचे हक्कदार कामगार आहेत असा निकाल दिला.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२० साली आणि नंतर २०२५ साली अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतःची गाडी चालविणाऱ्याला भाड्यातील किमान ८० टक्के वाटा मिळावा, त्याला किमान पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा असावा, असे त्यांत म्हटले आहे. काही कंपन्या आता दलालीऐवजी रोजचे ठराविक शुल्क घेतात, तेव्हा आपल्या खात्यातून नेमके काय कापले जाते ते रोज पाहावे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदविणे हे यातील पहिले पाऊल. आपल्या किती मुलांनी नाव नोंदविले आहे? प्रत्येक विहारात एक रविवार या कामासाठी ठेवला, तर ते मोठेच धम्मकार्य होईल.

कर्ज काढायचेच असेल तर पहिली पायरी फायनान्सच्या दलालाची नसावी. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, त्याच्या योजनांची चौकशी करावी, राष्ट्रीयीकृत बँकेत अर्ज टाकून पाहावा. तेथे वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, हे आम्ही जाणून आहोत. पण दोन दिवसांत पास होणाऱ्या कर्जाची किंमत पाच वर्षे मोजावी लागते.

एकट्याची गाडी आणि सर्वांची गाडी

संघटनेने वाहनाचा प्रश्न कसा सुटतो याचे एक उदाहरण आपल्या धम्मदीक्षेच्या वर्षातलेच आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय शिवणकाम करणाऱ्या बाईने गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. मग कामाला जायचे कसे? कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटमध्ये, लोकांना न्यायला सुरुवात केली. कमी भाडे घेणाऱ्यांना दंडाची धमकी मिळाली, तेव्हा ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या समाजाच्या स्वाधीन केल्या. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा! आज कंपन्या मोबाईलवर जे करतात ते त्या लोकांनी चर्चच्या आवारात कागद-पेन्सिलीने केले. डिसेंबर १९५६ मध्ये ते जिंकले. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांचा मान वाढला तो गाडीमुळे नव्हे, ती गाडी सर्वांच्या कामी आली म्हणून.

आपणही एवढे करू शकतो. चार ड्रायव्हर मुले एकत्र येऊन एकच गाडी दोन पाळ्यांत चालवू शकतात, म्हणजे एका हप्त्याला दोन कमाया लागतात. २०२२ साली बंगळुरूत 'नम्मा यात्री' हे अॅप सुरू झाले, त्यात रिक्षावाल्यांकडून भाड्यामागे दलाली न घेता ठराविक शुल्काची पद्धत आणली. त्याच वर्षी केरळ सरकारने 'केरळ सवारी' सुरू केली. मग आपल्या शहरातील चालकांना हे अशक्य का असावे?

आणि सर्वात महत्त्वाची मागणी बसची. आपल्या जयंती मंडळांनी डी.जे.च्या परवानगीसाठी जेवढी निवेदने दिली, तेवढी बससाठी दिली असती तर पहिल्या पाळीच्या कामगाराला आणि शिकवणीहून रात्री परतणाऱ्या मुलीला वस्तीच्या तोंडाशी बस मिळाली असती. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा आपल्या किती आयाबहिणी माहेरी, दवाखान्यात, परीक्षेला निर्धास्त जाऊ लागल्या ते आठवा. बसमध्ये कोणी जात विचारीत नाही, हप्ता मागत नाही आणि जामीनदारही लागत नाही.

वहीचे शेवटचे पान

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे सुख, तिचा उपभोग घेण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष वागण्याचे सुख. तिसरे सुख पाहा, अनण सुख. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी कर्जमुक्तीला सुखांच्या यादीत स्थान दिले. सिगालाला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग करावे, एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा असे सांगितले. बापाचा फंड हा तो चौथा भाग आहे. तो शोरूमच्या काउंटरवर ठेवायचा नसतो.

ताईंच्या मुलाला आम्ही गाडी घेऊ नको असे म्हटले नाही. इतकेच म्हटले, की तीन महिने दुसऱ्याची गाडी चालव आणि रोज रात्री वहीत लिही. किती किलोमीटर, त्यातले रिकामे किती, भाडे किती, कापले किती, इंधन किती. तो प्रथम रुसला. आईला म्हणाला, "काका स्वतः बुडाले म्हणून मला भीती घालतात." तरी त्याने वही ठेवली.

तीन महिन्यांनी तो वही घेऊन घरी आला. चहा होईपर्यंत काही बोलला नाही. मग पाने उलटून दाखविली. त्याचे सरासरी भाडे आमच्या अंदाजापेक्षा दिवसाला दीडशेने कमी निघाले. एका पानावर नुसतेच लिहिले होते, आज गाडी बिघडली, शून्य. "काका, लोन घेतलं असतं तर ह्या महिन्याला गंठण गेलं असतं," तो म्हणाला. आता तो आणि छावणीतला त्याचा एक मित्र मिळून पैसे साठवीत आहेत. निम्मी रक्कम रोख भरता येईल तेव्हाच दोघांत एक गाडी घ्यायची, दोन पाळ्यांत चालवायची, असे ठरले आहे. जमेल की नाही, आज सांगता येत नाही. फंड मात्र बँकेत आहे आणि गंठण ताईंच्या गळ्यात आहे.

जाताना त्याने एक प्रश्न विचारला. गाडी घेतली तर काचेवर जयभीम लिहू का? नाव पाहून पॅसेंजर भाडे रद्द करील, तारे कमी देईल, अशी मित्र भीती घालतात. आम्ही म्हटले, अवश्य लिही. ते लिहिण्यासाठीच बाबासाहेबांनी चाळीसगावला पाय मोडून घेतला. पण आधी वही लिही, मग काच लिही. ज्या गाडीवर बाबासाहेबांचे नाव आहे ती भर गल्लीतून कोणी ओढून नेता कामा नये.

जयभीम!